कच्चं हाड

— पण हे तुमाला सांगितलं कोणी, ते आदी सांगा इहीणबाई. न्हाई, च्या घ्या, घेत घेत सांगा, पण सांगा. हट्ट्याहून निघायचं, हिंगोलीत गाडी बदलायची, सेनगावला उतरून फुडं आमच्या या वस्तीपर्यंत जीपमंदी धक्के खायचे — आन् तुमी अशा भर उन्हाच्या, ना फोन ना निरोप, एकदम दारात हुब्या! पोरीला बगावं वाटलं म्हणता. वाटणारच. आई हायेत तुमी, तुमाला न्हाई वाटायचं तर कोणाला वाटायचं. पण दिवाळीला न्हाई वाटलं, संक्रांतीला न्हाई वाटलं, आन् हिच्या हाताचं पलस्तर निघालं की लगीच वाटलं? कोमलनं तर फोन केला नसंल. कसा करंल, तिचा फोन मपल्या पेटीत — म्हंजी नीट ठेवलाय, लेकरांच्या हाती लागू ने म्हणून. कोणाची लेकरं? वस्तीवरली. येत्यात ना खेळायला. मंग राहिलं कोण? ती आशाताई, सपना. तीच. गोळ्या वाटायच्या नावाखाली घराघरात नाक खुपसून राहिली. तुमी मान हलवली, पण व्हय म्हणून हलवली का न्हाई म्हणून, ते काही समजलं न्हाई मला. धरा, कप धरा. डाव्या हातानं दिला म्हणून राग मानू नका — मपला उजवा हात पुरा वळत न्हाई, भरला कप कलंडतो. जुनं हाय ते. त्याचं काही न्हाई.

कोमल हाय ना, जाती कुठं. मागं कोकरं पाजू राहिली. हाक मारते, घाई काय? आल्यासरशी पोरीला हाक मारा, पोरीला हाक मारा — जरा सासूशीबी बोला की. घरात दुसरं हाय कोण. मालक आन् मपला लेक रामप्रसाद मेंढरं घेऊन कळमनुरीकडं गेलेत, लोकाच्या रानात बसवायला, खतासाठी. घरी आमी दोघी सासू-सुना, बारकी कोकरं, आन् तो खुट्याला बांधलेला एडका. बगून ठेवा त्याला. तिच्या हाताचं जे झालं ते त्यानं केलं, म्या न्हाई. हे आदीच सांगते, कारण लोकाचं कसं असतं, सुनेचा हात मोडला म्हणलं की पयले सासूकडं बगत्यात. आता तुमीच बगून राहिल्या तसं. न्हाई? मंग ऱ्हाऊ द्या. ही पाठमोरी हुबी व्हती, फोनवर हासत व्हती — तुमच्याशीच बोलत व्हती म्हणा ना — आन् त्यानं घेतली धाव. पडली ती हातावर. माणूस पडताना हातच टेकवतो, त्यात तिची चुकी न्हाई. पण ती म्हणती, काड्कन आवाज आला. म्या दहा पावलांवर व्हते. मला काहून न्हाई आला आवाज? त्या एडक्यानं मला काय कमी धडका दिल्यात? वस्तीवरल्या समद्या बायांला दिल्यात. हिचंच हाड काहून मोडावं? ते म्या काही बोलले न्हाई तवा. पण मनात आलं.

नेली ना दवाखान्यात! न्हाई कशी नेली. गोपीचंदच्या जीपमंदी घालून म्या सोता हिंगोलीला नेली. डाक्टर म्हंजी तरणं पोरगं, मिशी फुटली का न्हाई तेबी समजंना. त्यानं फोटू काढला, काचेवर लावला, मागून लाइट पाडली, म्हणला, ही बगा मावशी, मनगटाच्या वर चीर. म्या बगितलं. केसाएवढी रेघ. म्हणलं, डाक्टरसाहेब, हा फोटू हिच्याच हाताचा, हे कशावरून? तर हसला. इहीणबाई, सवाल केला की जो माणूस हसतो, त्याच्यावर मपला भरोसा बसत न्हाई. घरी येऊन म्या तो फोटू उन्हाम्होरं धरला, हिचा हात बाजूला धरला. बोटं बराबर पाच. पण फोटूत बांगड्या कुठं हायेत? ती म्हणती, काढून ठिवल्या व्हत्या. असंल. म्या कुठं न्हाई म्हणते. आन् त्यानं सांगितलं काय, तर सहा हप्ते पलस्तर हालवायचं न्हाई, या हातानं गिलासबी उचलायचा न्हाई. सहा हप्ते! ऐन कोकरांच्या दिवसांत! डाक्टर बोलत व्हता आन् ही खाली मान घालून ऐकत व्हती, त्या मानेवरूनच मला समजलं की हिला बरं वाटून राहिलं. वाटावं बी. चूल न्हाई, पाणी न्हाई, शेण न्हाई. राणीवानी बसायचं.

निघालं कसं? पलस्तर? पाण्यानं. हौदावर गेली, भिजलं, निघालं. पाण्यात ते ऱ्हातंय व्हय? चुन्याचाच प्रकार तो. कोणी काही काढलं-बिढलं न्हाई.

बोला की. मला गप बसलेल्या माणसाची लई भीती वाटती. कोमलबी अशीच, तुमच्यावरच गेली. बोलती तवा मात्र एकदम शाळा उघडती. बारावी सायन्स ना तुमची. तवा, पलस्तर घालून आणलं त्या दिसापासून मला हाडाचं सांगू लागली. म्हणती, आत्याबाई, हाड जितं असतं. म्हणलं, जितं असतं तर वरडत काहून न्हाई? म्हणती, मोडल्या जागी आदी रगत साकळतं. मंग तिथं चबणी तयार व्हती, आपल्या कानात असती तशी, वाकवली तर वाकती. मंग त्या चबणीत चुना भरत जातो, त्याचं कच्चं हाड व्हतं, वर गाठ येती. आन् लई दिसांनी ती गाठ तासून सपाट करायला कामकरी येत्यात. म्हणलं, कोण येतं? म्हणती, बारके जीव असत्यात, डोळ्याला न दिसणारे. दोन जातीचे — एक उकरणारे, एक लिंपणारे. हाड मोडलेलं असो का धड असो, त्यांचं काम चालूच. जुनं उकरून काढायचं, नवं लिंपायचं. दहा-एक सालात माणसाचा समदा सांगाडा नवा व्हतो म्हणती! आता बोला. म्हंजी मपलं लगीन झालं तवाची हाडं आता मपल्या अंगात न्हाईतच? मंग ती नेली कोणी? आन् मला न इचारता? जे पाय घेऊन म्या या घरात आले, ते पाय गेले कुठं?

हासता काय. म्या तवा लई इचार केला. म्हणलं कोमल, त्या उकरणाऱ्यांवर ध्यान कोण ठेवतं? आपण मेंढरं राखतो ना, तर सांजच्याला कळप वाड्यात घेताना नजर ठेवतोच — एखादं कमी आलं की समजतं. तसं या हाडाचं कोण बगतं? उकरणारा जास्त उकरून गेला आन् लिंपणारा त्या दिशी आलाच न्हाई तर? तर ती काय म्हणली ठावं हाय? म्हणली, म्हातारपणी तसंच व्हतं आत्याबाई. उकरणारे जास्त, लिंपणारे कमी. आन् मपल्या तोंडाकडं बगितलं. म्या तिच्या तोंडाकडं बगितलं. हे शास्तर सांगू राहिली का मला ऐकवून राहिली, तेच मला आजवर समजलं न्हाई.

खरं म्हणावं तर खरं असंल बी. ती सपनाच एकदा मला शिबिराला घेऊन गेली व्हती. टाचेला मशीन लावली, मशीननं कागूद सोडला, डाक्टरीणबाई म्हणली, मावशी, हाडं ठिसूळ झालीत. म्हणलं, बाई, टाच धरून तुला समद्या अंगाचं कसं समजलं? पण ती बाई बरी व्हती, हसली न्हाई. बसवून सांगितलं तिनं. म्हणली, हाड म्हंजी तुमच्या घरातली कणगी हाय. काळीज चालायला, हात-पाय हलायला रगतात चुना लागतोच लागतो. खाण्यातून आला तर ठीक, न्हाई आला तर रगत कणगीत हात घालतं आन् हाडातला चुना उचलतं. पोटात लेकरू असलं, अंगावर पीत असलं, की आणखी जातो. म्हणलं, म्हंजी चोर मपला रामप्रसादच निघाला! ती म्हणली, तसं न्हाई मावशी, बाईनं त्या दिवसांत नीट खाल्लं-पिलं तर कणगी माघारी भरती. तुमी काय खात व्हत्या बाळंतपणात? आता काय सांगू तिला. घरात दूध व्हतं, पण ते इकायचं व्हतं. म्हणलं, खात व्हते समदं.

पण तिनं जाता जाता जे सांगितलं ना, ते म्या पदराला गाठ मारून ठेवलं. म्हणली, बसून ऱ्हाऊ नका. चाला, ओझं उचला. हाडाला काम पाहिजे — जिथं जोर पडतो तिथं लिंपणारे जास्त लिंपत्यात, आन् जे हाड बसून ऱ्हातं ते बारीक व्हत जातं. आता तुमी शहाण्या बाई हायेत, तुमीच सांगा. डाक्टरीण म्हणती, हाडाला काम द्या. डाक्टर म्हणतो, गिलास उचलू नका. दोघंबी शिकलेले. मंग खोटं कोण बोलून राहिलं? म्या मपलं मन लावून जुळवलं इहीणबाई, आन् मला कोमलच्या हाताची काळजी लागली. देवाशपथ काळजीच. दर दोन दिसांनी म्या तिचं पलस्तर टकटक वाजवून बगायचे. पयले गच्च व्हतं, फुडं फुडं बोट आत जाया लागलं. म्हणलं, बग, आतलं हाड बारीक व्हऊन राहिलं. ती म्हणली, सूज उतरली आत्याबाई, म्हणून ढिलं झालं. तिच्यापाशी समद्याचं उत्तर तयार असतं. तयार उत्तराचाच तर मला संशय येतो.

आन् आमाला हाडातलं काहीच समजत न्हाई असं नका समजू. कोकराचा पाय मोडला की कोण बांधतं? आमीच. बांबूच्या कामट्या, आत लोकरीची घडी, वरून चिंधी. तीन हप्ते झाले की सोडायचं. दोन दिस लंगडतं, तिसऱ्या दिशी उड्या मारतं. तीन हप्ते! आता मला सांगा, माणसाचं हाड काय मेंढराच्या हाडापरीस हलक्या जातीचं हाय? ती म्हणली, कोकरू बारकं असतं, वाढीचं असतं, त्याचं लवकर सांधतं. म्हणलं, तू काय म्हातारी हायेस?

न्हाई, म्हणून काढलं असं न्हाई म्हणत म्या. पाण्यानं निघालं. म्हंजी — भिजवलं व्हतं. तिलाच खाज सुटली व्हती, आत झाडूची काडी घालून खाजवत बसायची, म्या म्हणलं, थोडं भिजवू, कडेचं थोडं मोकळं करू. घमेल्यात कोमट पाणी केलं, हात बुडवून बसवली. मऊ पडलं. कडेची पट्टी कापली नुसती. कशानं म्हंजी? कातरीनं. घरात दुसरं काय असतं — लोकर कातरायची कातर. अहो धार लावलेली व्हती, आन् इतकी साल मेंढरं कातरली, कधी कातडीला खरचटू दिलं न्हाई, तर सुनेच्या हाताला लागू दीन? कडेची कापली, मंग वरची कापली, मंग म्हणलं आता ऱ्हायलंय तरी काय. निघालं समदं. आतून हात असा निघाला, पांढरा फटक, सालपटं सुटलेला, काडीवानी. म्हणलं, बग, सांगत नव्हते?

ती काय म्हणली? काही न्हाई म्हणली. म्हंजी आदी एकदा म्हणली, आत्याबाई, डाक्टरनं सांगितलंय. एवढंच. न्हाई म्हणली असती तर म्या थांबले असते. खरंच थांबले असते. पण ती न्हाई म्हणतच न्हाई कोणाला. मुकाट बसली, दुसरीकडं बगत. डोळ्यातून पाणी आलं तिच्या, पण ते मला वाटलं, पाण्याची वाफ लागली असंल.

तुमी कप खाली ठेवला. साय आली त्याच्यावर.

तुमाला वाटत असंल, काय कसाई बाई हाय. वाटू द्या. पण एक सांगते, आता निघालंच हाय तर. हा हात बगा. बगा ना, लांबून काय बगता, जवळून बगा — हे मनगट. हे हाड इथं वर आलंय, हे दिसतं का? म्या कोमलच्याच वयाची व्हते, रामप्रसाद पोटात व्हता. दगडावरून घसरले, अशीच हातावर पडले. तवा मोडलं म्हणायला बी कोणी नव्हतं. सासू म्हणली, मुरगाळलं असंल, हळद लाव. हळद लावली आन् दुसऱ्या दिशी मेंढरांमागं गेले. कामट्या? कामट्या कोकराला असत्यात. कोकराचं मोल असतं. मपलं हाड सांधलं की! कोणी न बांधता, कोणी न सांगता सांधलं, त्या उकरणाऱ्यांनी आन् लिंपणाऱ्यांनी आपलं-आपलं केलं समदं. फक्त वाकडं सांधलं. तवापासून हा तळहात वर व्हत न्हाई. एवढाच व्हतो, हा असा आडवा. ओंजळ व्हत न्हाई मपली. देवाचा भंडारा डाव्या हातानं घ्यावा लागतो, त्यावरून सासू मरस्तोवर बोलली — डावखोरी, अपशकुनी, देवाला डावा हात दावती. जत्रेत बाया बगत्यात म्हणून म्या खांदा असा खाली झुकवून, कोपर अंगाला लावून, उजवा हात वर केल्यासारखा दाखवायचे. जमलं थोडं थोडं. म्हणून मला वाटतं इहीणबाई, मपल्या हाताला एक दिस न्हाई मिळाला, आन् हिला सहा हप्ते? हाड तर सारखंच असतं ना? का शिकलेल्या पोरीचं येगळं असतं? एवढा हाताचा लाड करायचा तर त्याच्यामागं काहीतरी असंलच, असं मला वाटलं. तिला हट्ट्याला जायचं असंल, माघारी यायचं नसंल. रामप्रसाद वर्षातले आठ म्हैने मेंढरांमागं, इथं काय ठेवलंय तिच्यासाठी — म्हातारी आन् एडका. गेली की गेली. मंग मपल्याशी बोलंल कोण? ते हाडाचं-बिडाचं, जितं असतं अन् चालू असतं, ते तरी कोण सांगंल?

ते जाऊ द्या. मुद्दा असा की हात बरा झालाय. कामाला लागली बी ती. भाकरी थापती. आता भाकर एका अंगानं जाड, एका अंगानं पातळ करती, ते मुद्दाम करती, तिला म्हणता यावं की हात दुखतो म्हणून. पाणी डाव्या हातानं पिती. परवा खंडोबाचा भंडारा दिला तर तोबी डाव्या हातानं घेतला! म्या वरडले. म्हणलं, धड हात असून देवाला डावा हात दावती, नाटकं करती? मपल्याम्होरं करती, मपली नक्कल करती? तवापासून गप हाय.

काय म्हणता? — न्हाई. न्हाई न्हाई, कुठं नेणार? आजच? अहो तुमी आत्ता आल्या. दवाखान्यात काहून, म्या सांगून राहिले ना बरा झालाय. ती दुखतो म्हणती? कोणाला म्हणली? मला तर न्हाई म्हणली. बगा, हेच — हेच म्या म्हणत व्हते! मपल्याम्होरं गप, आन् माघारी तुमाला सांगती. कसं सांगितलं ते देवाला ठावं, फोन तर पेटीत हाय. असं करू या. तुमाला मपल्यावर भरोसा न्हाई, मला तुमच्यावर न्हाई, खोटं कशाला बोला. तर देवावर सोडू. तिला बोलवू, भंडारा उचलू दे तिला. बेलभंडारा उचलून खोटं बोलायची कोणाची छाती न्हाई आमच्यात, अन् तुमच्यातबी नसंल. बेल कुठून आणू आता, नुसता भंडारा चालतो. ती उचलून सांगू दे की हात दुखतो, म्या लुगडं-चोळी देऊन लावून देते, आडवी येणार न्हाई. पण उचलून सांगू दे.

कोमल! अगं ए कोमल! ठेव ते कोकरू खाली, ये इकडं. तुझी आई आलीय. ... हां, भेटा, भेटा मायलेकी. झालं? रडायचं मंग रडा. उंबऱ्यात नको, इथं देवळीम्होरं बस. ही वाटी देवाची हाय. तुझी आई म्हणती, तुझा हात दुखून राहिला. म्या म्हणते, सांधलाय. आता तूच काय ते सांग, पण असं न्हाई — उजव्या हातात भंडारा घेऊन सांग. उजव्या म्हणलं. डावा माघारी घे. हां. कर हात फुडं.

उताणा कर.

अगं उताणा. असा कसा धरती, आडवा? म्या टाकू कुठं? तळहात वर कर. आणखी. आणखी कर की, सांडंल ना, देवाचा हाय. धर, टाकते हां, नीट धर — अगं वर कर म्हणते तर कोपर काहून अंगाला लावती — आन् खांदा काहून असा खाली झुकवून राहिली —

सांडला.

...

न्हाई. ऱ्हाऊ दे. गोळा नको करू. बसून ऱ्हा. हात दे इकडं. दे. म्या काही करत न्हाई. हे — हे हाड इथं वर आलंय. कवापासून? काढलं तवापासून? आन् तू बोलली काहून न्हाई? म्या कोण लागून गेले, एक डाव वरडून सांगायचं व्हतं ना मला...

इहीणबाई, उठा. न्या हिला. आत्ता न्या. कोमल, तू सांगितलं व्हतं ना, आदी चबणी असती, मंग कच्चं हाड असतं — कच्चं हाय तवर वाकतं ना? डाक्टर सरळ करू शकतो ना? आठवून सांग, बारावी सायन्स हायेस. ते लिंपणारे वाकडं-सरळ काही बगत न्हाईत गं, जसं ठेवलं तसं लिंपत सुटत्यात, रोज थोडं थोडं पक्कं करत्यात. आजचा दिस बी त्यांचं काम चालूच हाय. ही चावी धर, पेटीत तुझा फोन हाय, त्या गोपीचंदला लाव, म्हणावं जीप घेऊन ये, सवारी भरायची वाट बगू नको. तो फोटू बी घे, फळीवर हाय. आन् इहीणबाई, डाक्टरनं इचारलं पलस्तर कसं निघालं, तर पाण्यानं निघालं म्हणू नका. कातरीनं कापलं म्हणा. कोणी कापलं तेबी सांगा. हसला तर हसू द्या.

म्या? मला कशाला नेता? सोडा, सोडा हात. मपलं कवाच पक्कं झालं. कोकरांला कोणीतरी लागतं घरी. निघा आता, उन्हं कलली की हिंगोलीला डाक्टर भेटायचा न्हाई.